पुढची चाकं आणि विसाव्याचा चढ

आमच्या सोसायटीचा चढ चढताना माणूस देवाचं नाव घेतो आणि उतरताना बिल्डरचं. दोन्ही वेळच्या भावना अर्थातच वेगळ्या असतात. मुलुंडच्या पश्चिमेला टेकडीच्या अंगावर या गृहस्थाने तीन मजली इमारत बांधली, जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलं, तिथपर्यंत पोचायला मुरमाचा एक उभा चढ ठेवला आणि स्वतः सपाट जागी राहायला गेला.

या चढाचा खालचा अर्धा भाग एका वॉर्डात येतो आणि वरचा दुसऱ्या. खालच्या वॉर्डाचे साहेब म्हणतात, पाणी वरून येतं, तेव्हा डांबर आधी वर टाका. वरच्या वॉर्डाचे साहेब म्हणतात, रोलर खालून येतो, तेव्हा आधी खाली टाका. दोघांचं म्हणणं बिनतोड असल्यामुळे रस्ता मुरमाचाच राहिला. दोन्ही वॉर्डांची हद्द चढाच्या बरोबर मध्यावर, एका जुन्या ताडापाशी येते. ताडाखाली एक चपटा काळा दगड आहे. तो नेमका कोणत्या वॉर्डात आहे, असं मी दोन्ही ऑफिसांत विचारून पाहिलं. दोन्हीकडे साहेबांनी खिडकीबाहेर बघत चहा मागवला आणि विषय बदलला.

रिक्षावाले त्या ताडाच्या वर येत नाहीत. ताड आला की ड्रायव्हर न सांगता इंजिन बंद करतो आणि समोर बघत बसतो. ‘आगे नहीं जाती,’ एवढंच म्हणतो. जात नाही की तू नेत नाहीस, असं एकदा मी आवाज चढवून विचारलं, तेव्हा तो खाली उतरून माझ्या पिशव्या त्या दगडावर न ठेवता मुद्दाम चार पावलं लांब ठेवून निघून गेला. सुटे पैसेही घ्यायला थांबला नाही. मुंबईचा रिक्षावाला सुटे पैसे सोडून जातो, तेव्हा शहाण्या माणसाने विचार करायला हवा होता. मी फक्त खूश झालो.

दगडाचा उलगडा झाला तो अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील, सीताराम. आयुष्य गिरणीत साच्यावर उभं राहून काढलं आणि गुडघे तिथेच ठेवून आले. एके वर्षी ते हॉस्पिटलातून घरी यायला निघाले तेव्हा त्यांना चढ चढवणार कसं, हा प्रश्न पडला. शेवटी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. पुढे मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव, मागे तळमजल्यावरचे दोन बिऱ्हाडकरू. ताडापाशी येईपर्यंत आमचे खांदे बधिर झाले. समोर आयता सपाट दगड होता. खुर्ची त्यावर टेकली, घाम पुसला, आणि चढ पुढच्यांना जड जातो की मागच्यांना यावर थोडा वाद घालून आम्ही जागा बदलल्या. पुढचे मागे गेलो, मागचे पुढे आले.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून मथुराकाकूंचा आवाज आला. मथुराकाकू पहिल्या मजल्यावर राहतात, नाहूरच्या जुन्या वस्तीत त्यांचं माहेर आहे आणि त्यांचा आवाज तिथपर्यंत जातो. त्या म्हणाल्या, “अगं बाई, जित्या माणसाला विसावा दिला की यांनी.”

ज्यांनी कधी खांदा दिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिरडी नेताना वाटेत एका ठरलेल्या जागी ती खाली टेकवतात. तिथे खांदेकरी अदलाबदल करतात, पुढचे मागे होतात आणि मागचे पुढे. मग पुढच्या वाटेला लागतात. त्याला विसावा म्हणतात. आमची इमारत व्हायच्या आधी जुन्या गावाचं मसण टेकडीवर होतं आणि तो दगड म्हणजे गावाचा विसावा होता. मसण नेमकं टेकडीवर कुठे होतं, हे मी मथुराकाकूंना विचारलं. त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आता काय करायचंय विचारून.”

अप्पा घरी आले, चहा प्यायले, बशी पालथी घातली आणि जाहीर केलं, “आता चौघांनी उचलूचा, ता एकदाच.” तेव्हापासून त्यांनी खुर्चीला हात लावू दिला नाही आणि चढही उतरला नाही.

हे चाललं असतं. पण मानखुर्दला माझी द्रौपदी आत्या होती. अप्पांची धाकटी बहीण, तीही अंथरुणाला खिळलेली. तिची सून जया कोपऱ्यावरच्या दुकानातून जयवंतरावांकडे फोन करायची आणि निरोप द्यायची, ‘आत्यांना भावाला बघायचंय.’ अप्पा रोज सकाळी तोंड धुऊन झालं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, “बायेक बघूक व्हया.” आत्याला ते बाय म्हणत. दोघांतलं कोणीतरी हललं पाहिजे होतं, आणि लवकर हललं पाहिजे होतं, हे डॉक्टरांनी जयाला सांगितलेलं मला ठाऊक होतं. अप्पांना मी ते सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

अशा वेळी गाडीचा नंबर लागला. त्या काळात नव्या छोट्या गाडीने सगळ्या मुंबईला वेड लावलं होतं, आणि मीही कधीकाळी उत्साहाच्या भरात नाव नोंदवून विसरलो होतो. मी घरात शिरत ओरडलो, “अप्पा, नंबर लागला.” अप्पा दचकून उठून बसले आणि म्हणाले, “कोणाचो?”

मी कंपनीत पर्चेस खात्यात आहे. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी घरात केरसुणीसुद्धा आणत नाही, हे अनुपमा, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना माझ्यासमोर सांगते. त्यामुळे नंबर लागला म्हणून गाडी घेतली, असा पोरकटपणा माझ्याकडून होणं शक्य नव्हतं. मी चौकशी सुरू केली आणि चार दिवसांत सगळ्या इमारतीला एकच प्रश्न पडला. नव्या छोट्या गाडीची फक्त पुढची दोन चाकं ओढतात, मागची दोन नुसती मागून येतात. दुसरीकडे जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या तुळशीदासभाईंकडे एक लष्करी जीप विकाऊ होती. तिला एक जादा दांडा होता आणि तो ओढला की चारही चाकं ओढायला लागत.

“पिकअप कुणाचा चांगला?” मी विचारलं. गाडी घेणाऱ्याने हा प्रश्न विचारायचाच असतो.

“पिकअप छोटीचा,” जयवंतराव म्हणाले. “हायवेला ती टॅक्सीला मागे टाकते. पण चढ जीपचा.”

“चढाला पिकअप विचारू नका,” मथुराकाकू म्हणाल्या. “तो चढ आपणहून पिकअप करतो माणसांना.” काकूंचं इंग्रजी बेताचंच आहे, पण त्यांनी तो शब्द इतक्या थंडपणे वापरला की कोणी हसलं नाही.

जीपची चाचणी एका रविवारी दुपारी झाली. बाराचा सुमार होता. अशा वेळी आमच्या टेकडीवर कावळासुद्धा ओरडत नाही, ताडाची सावली ताडाखालीच गोळा होऊन बसते. तुळशीदासभाई चालवत होते, मी शेजारी. खाली असताना त्यांचं तोंड एकसारखं चालू होतं. जीप कशी, लष्कराची, बर्फातून आलेली, हिच्यासमोर तुमचा चढ म्हणजे काय. त्यांनी दांडा ओढला आणि जीप सरळ वर निघाली. कुठेही घसरली नाही, कुठेही थांबली नाही. फक्त ताड आला तसे तुळशीदासभाई बोलायचे थांबले ते फाटकापर्यंत बोललेच नाहीत.

वर आल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली. “साहेब, तिथे झाडाखाली कोणी हात दाखवला काय?”

“नाही. कोणी नव्हतं.”

“मग बरोबर,” ते म्हणाले. “मी पण तेच बोलतो.” आणि जीप तिथेच ठेवून ते पायी, टेकडीच्या मागच्या पायवाटेने लांबचा वळसा घालून खाली गेले. त्यांचा नोकर संध्याकाळी जीप न्यायला आला.

तरीही मी जीपच घेतली असती. पर्चेसवाला माणूस भुताखेतांच्या कोटेशनवर निर्णय घेत नाही. पण खिडकीतून अप्पा बघत होते. त्यांनी विचारलं, “किती चाकां वडतत?”

“चारही, अप्पा. एकदम मजबूत.”

“चौघां,” अप्पा म्हणाले. “चौघांनी वडलेली गाडी मी बघलंय. तिका हॉर्न नसता.” आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तोच बसणार नाही म्हटल्यावर तीन कोटेशनांचं काय लोणचं घालायचं? मी छोटी घेतली. पांढरीशुभ्र, हार घातलेली, सीटवरचं प्लास्टिक तसंच. अनुपमा शेजारी बसली होती आणि सगळी सोसायटी फाटकाशी ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. मी ऐटीत चढाला लागलो. ताडापाशी आलो आणि गाडी थांबली.

इंजिन चालू होतं. पुढची चाकं फिरत होती, इतकी की मुरूम उडून काचेवर येत होता. गाडी मात्र जागच्या जागी थरथरत उभी होती. चाकांतून एक बारीक आवाज येत होता, लहान मूल तोंड दाबून रडतं तसा. मग ती हळूच मागे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला तरी ती आपल्याच चालीने, कुठलाही धक्का न देता, पार चढाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. जणू कोणी अदबीने मागे नेऊन ठेवली.

“मागून कोणीतरी धरलं होतं,” अनुपमा म्हणाली. एरवी ती माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची संधी सोडत नाही. तिने ती सोडली, याचीच मला जास्त भीती वाटली.

जयवंतरावांनी खाली येऊन शास्त्र सांगितलं. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढचा भाग हलका होतो. ओढायचं काम पुढच्या चाकांचं आणि त्यांच्यावर भारच नाही, मग ती नुसती फिरणार. “थोडक्यात, सगळा भार मागे बसतो,” ते म्हणाले.

“मी दुसरं काय म्हणते?” मथुराकाकू म्हणाल्या. “मागे बसतं कोणीतरी.”

पुढले काही दिवस माझ्या अब्रूचे जे धिंडवडे निघाले ते थोडक्यात सांगतो. पुढे भार हवा म्हणून जयवंतराव आणि तळमजल्यावरचे दोघे बॉनेटवर बसले. मला समोरचं काहीच दिसेना, तेव्हा जयवंतराव ‘डावीकडे घ्या’ असं ओरडून सांगत होते. ताडापाशी त्यांचं ओरडणं थांबलं. गाडी तिघांना घेऊन त्याच अदबीने खाली आली, आणि ते तिघे विसर्जनाच्या पाटावर बसल्यासारखे हात जोडून बसले होते. नंतर सिमेंटच्या गोण्या बांधून पाहिल्या. मथुराकाकूंनी दगडावर विडा ठेवला आणि चाकांना लिंबं बांधली. लिंबं चाकाखाली चिरडली आणि घसरणीत भर पडली. रस्त्याच्या तोंडाशी पानवाल्याने मला बघून टपरीवरचा रेडिओ बंद करायला सुरुवात केली. दुखवट्याच्या घरावरून जाताना करतात तसं. मानखुर्दहून जयाचा फोन आला की आत्या आता पेजही घेत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुळशीदासभाईंना जीपबद्दल परत निरोप पाठवला. त्यांनी उत्तर दिलं की जीप आहे, पण आणून द्यायला ते येणार नाहीत.

आणि मग ते झालं. एका संध्याकाळी मी कंटाळून ठरवलं, गाडी खाली रस्त्यावरच ठेवायची. पायथ्याशी तिचं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि नीट लावायची म्हणून रिव्हर्स टाकला. गाडी मागे निघाली. मागे म्हणजे चढावर. मी ब्रेककडे पाय नेला, पण पाय ब्रेकवर टेकण्याआधी माझ्या लक्षात आलं की ती चढते आहे. घसरत नव्हती, रडत नव्हती. मान वळवून बघितलं तर ताड माझ्याकडे येत होता. तो आला, बाजूने गेला आणि समोरच्या काचेत लहान होत गेला. गाडी फाटकातून आत शिरून थांबली तेव्हा अनुपमा दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

“अहो,” ती म्हणाली, “उलटे का आलात?”

जयवंतरावांनी कागदावर चाकं काढून दाखवली. उलटं चढताना ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात, सगळा भार त्यांच्यावर पडतो, त्यात नवल नाही. पण ते सांगताना त्यांनी दोनदा खिडकीबाहेर बघितलं. कोकणातल्या माणसाला उलट्या पावलांनी कोण चालतं हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका माझ्या गाडीच्या बाजूने जाताना पदर सावरू लागल्या. मथुराकाकू मात्र शांत झाल्या होत्या. “विसाव्याला पुढचे मागे व्हायचे असतात,” त्या म्हणाल्या. “गाडीला कळलं. तुम्हाला इतके दिवस कळलं नाही.”

मी अप्पांना सगळं सांगितलं. गाडी उतरताना सरळ उतरेल, पण चढताना उलटी चढेल, चालेल का म्हणून विचारलं. अप्पांनी एकच खात्री करून घेतली. “दोघांचीच मा?”

“दोघांचीच.”

“मग उलटी तर उलटी,” ते म्हणाले आणि अनुपमाकडे धुतलेलं धोतर मागितलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मानखुर्दला गेलो. हायवेला गाडीने खरोखर टॅक्सीला मागे टाकलं आणि अप्पांनी मागे वळून त्या टॅक्सीकडे असं बघितलं की मला गाडीचे सगळे पैसे फिटल्यासारखे वाटले. चेंबूर गेलं, मानखुर्द आलं. आत्या खाटेवर होती, चादरीखाली कोणी आहे की नाही कळू नये इतकी.

“इलंस रे?” ती म्हणाली.

“इलंय गे.”

“माका वाटला तू येवचंस नाय.”

“झिलान गाडी घेतल्यान,” अप्पा म्हणाले. “उलटी चढता.” आणि दोघं हसायला लागली. आत्याला हसताना धाप लागली तशी जया धावत आली, पण आत्याने तिला हाताने बाजूला केलं. मग ती दोघं दुपारभर बोलत बसली. लहानपणीची एक पेरूची चोरी, कोणाची तरी म्हैस, आईचा मार. आत्याने दोन चमचे पेज घेतली. निघताना तिने अप्पांची बाही धरून ठेवली आणि बराच वेळ सोडली नाही. अप्पांनीच एकेक बोट सोडवून घेतलं.

पायथ्याशी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. मी गाडीचं तोंड रस्त्याकडे केलं, मान मागे वळवली, रिव्हर्स टाकला. अप्पा माझ्या शेजारी, तोंड उताराकडे करून बसले होते. मला मागचा चढ दिसत होता, त्यांना मागे टाकलेला रस्ता. ताडापाशी आलो आणि इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढला. मान अवघडली होती म्हणून आधी चिडलो, आणि मग टेकडीवर किती शांत आहे ते जाणवून चिडायचं विसरलो. किल्ली फिरवणार तोच अप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“वायच थांब.”

ते समोर, चढाच्या पायथ्याकडे बघत होते. त्यांनी हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “जा गे आता. काळोख पडतलो. पाय दुखतले तुझे.”

“अप्पा, कोण आहे?”

“बाय,” ते म्हणाले. “पोचवूक इली हा.”

आमच्यात पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. पोचवायला जातात. नाक्यापर्यंत, स्टँडपर्यंत, आणि माणूस फारच जवळचा असला तर त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात. आत्या तर चालती असताना अप्पांना प्रत्येक वेळी एसटी हलेपर्यंत पोचवायची. मी समोर बघितलं. रस्ता रिकामा होता. खाली फक्त आमच्या सोसायटीची दोन कुत्री उभी होती. त्यांची तोंडं आमच्याकडे नव्हती. दोन्ही आपल्यामधल्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत होती आणि शेपटी हलवत होती. मी भ्यालो, हे लपवण्यात अर्थ नाही.

थोड्या वेळाने एका कुत्र्याची मान रस्त्याच्या दिशेने हळूहळू वळत गेली. मग ती दोन्ही खाली बसली. “गेली,” अप्पा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं.

फाटकाशी जयवंतराव उभे होते. अप्पांनी काच खाली केली आणि ते काही बोलायच्या आत विचारलं, “जयाचो फोन इलो?”

जयवंतरावांनी मान हलवली. आम्ही निघालो तशी आत्याने कूस बदलली होती, झोप लागली असं जयाला वाटलं, आणि त्यातून ती उठलीच नव्हती. अप्पा गाडीतच बसून रडले. मीही रडलो, स्टिअरिंग धरून, कारण काहीतरी धरायला हवं होतं. अनुपमा बाहेर आली आणि काही न विचारता अप्पांच्या बाजूचं दार उघडून तिथेच जमिनीवर बसली.

रात्रीपर्यंत माणसं येऊन जात राहिली. शेवटी जयवंतरावांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. “तुम्ही जीपच घ्यायला हवी होती,” ते म्हणाले. “ताडापाशी असं अडकणं नाही, मान मोडणं नाही. सरळ तोंड करून वर आली असती.”

आली असती, यात शंकाच नाही. चारही चाकांनी सरळ वर आली असती आणि अप्पांची पाठ आत्याकडे असती.